साहेबाच्या डोक्यातली रेघ

उंदराला शेपटीला धरून उचलणारी माणसं वेगळी, आणि पोटाखाली तळवा सरकवून, त्याला वाटावं आपण आपल्याच मर्जीने चढलो, असं उचलणारी वेगळी. ताई ही दुसऱ्यांतली. मेंदूचा अभ्यास चालणाऱ्या एका मोठ्या इमारतीत, तळमजल्यावरच्या उंदीरखान्यात तिचे केस पिकले. तिथे तिला सगळे उंदीरमावशी म्हणत. ताई म्हणणारी तेव्हा एकच, तिची धाकटी बहीण; आणखी एक-दोघांनी ते पुढे उचललं. आई लवकर गेली तेव्हा ताईनेच धाकटीच्या वेण्या घातल्या, शाळेत सोडलं, आजारपणं काढली, लग्न लावून दिलं. स्वतःचं करायचं राहून गेलं. कुणी टोकलंच तर म्हणायची, "एवढे पांढरे मिशाळ पोसतेय, त्यात आणखी एक कशाला?"

इमारतीतल्या मोठ्या बाईंनी सगळी हयात उंदरांच्या डोक्यात घातली होती. मेलेल्या उंदराचा मेंदू काय, कुणीही कापून बघेल. बाईंना जागता बघायचा होता, हिंडता-फिरता. त्यासाठी त्यांच्याकडे केसाहून थोडीशीच जाड अशी सळई होती. तिला तिथे प्रोब म्हणत. उंदराला गुंगी द्यायची, कवटीला टाचणीच्या टोकाएवढं भोक पाडायचं, सळई आत सरकवून दाताच्या सिमेंटने पक्की करायची. पाठीवर बोटभर पिशवी, तिच्यात बॅटरी. जखम भरून उंदीर पूर्वीसारखा हिंडायला लागला की शेपटीच्या शिरेतून किरणं सोडणारी साखर टोचायची. मेंदूचा जो भाग कामाला जुंपलेला असेल तो साखर जास्त ओढतो. साखरेतून किरणं निघतात, सळईचं टोक ती टिपतं, पिशवी बिनतारी निरोप धाडते, आणि पडद्यावर हिरवी रेघ चढत जाते. ती साखरही मोठी नखऱ्याची. आवारापलीकडच्या यंत्रातून शिशाच्या डब्यात बसून यायची आणि आली की लगेच विझायला लागायची. मग सगळ्यांची नुसती पळापळ.

पण एवढ्या थाटाची मेख एकाच जागी होती. उंदीर घाबरता कामा नये. घाबरला की रेघेत भीतीच चढणार, बाकीचं सगळं तिच्याखाली बुडणार. शिवाय डोक्यावर पंजा मारून त्याने सळई मोडली तर आठवड्यांची मेहनत मातीत. म्हणून आधी त्याला माणसाची सवय लावायची. ते काम ताईचं. ती पिंजऱ्याच्या दाराशी तळवा उघडा ठेवून बसायची आणि जिभेने टाळूवर 'टक टक' करायची. ना दाणा दाखवायची, ना ओढायची. पहिल्या दिवशी उंदीर कोपऱ्यात पाठ करून बसे. मग एक मिशी पुढे येई, मग नाक. शेवटी एके दिवशी तो आपणहून तळव्यावर चढून तोंड धुवायला लागे. तोंड धुणारा उंदीर म्हणजे निर्धास्त उंदीर. "बाई, हा झाला तयार," ताई वर्दी द्यायची.

"तुमच्या हाताला गुण आहे," बाई म्हणायच्या. आणि पाहुण्यांना सांगायच्या, "माणूस खोटं बोलेल. उंदराच्या डोक्यातली रेघ नाही बोलणार."

ताईला कौतुक मिळालं ते एवढंच. पण एवढ्यावर ती जगली म्हटलं तरी चालेल. कुणाचा संसार असतो, कुणाचं घरदार असतं; तिचा हातगुण होता.

धाकटीच्या नवऱ्याचा कारखाना बंद पडला तेव्हा ताईच बाईंपुढे जाऊन उभी राहिली. "बाई, माझ्या बहिणीचा नवरा. यंत्रात डोकं चालतं त्याचं." भावोजींचं डोकं खरंच चालायचं. बघता बघता ते पिशव्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करायला लागले, मग सळया बसवायला, आणि हां हां म्हणता उंदीरखान्याचे मुकादम झाले. सारखं टेबलावर वाकून त्यांची मान धरली. मग मानेला कापूर घातलेलं मलम. त्या मलमाचा वास असा की भावोजी जिन्यात असले तरी दुसऱ्या मजल्यावर कळावं.

माणूस वाईट नव्हता. भित्रा होता. आणि भित्रा माणूस अंगावर बेतलं की जे करतो ते करायला दुष्टालाही धीर व्हायचा नाही.

झालं असं. एका दुपारी दोन उंदीर गुंगीत होते, सळया बसवून नुकत्याच झाल्या होत्या. गुंगीत उंदराला स्वतःची ऊब धरता येत नाही, म्हणून त्याला विजेच्या गरम गादीवर निजवतात. ताईने दोघांना गादीवर नीट निजवलं, भावोजींना म्हणाली, "बघा हं, मी साल बदलून येते." साल म्हणजे पिंजऱ्यात अंथरायचा लाकडाचा भुसा. ती परत आली तर गादीची पीन जमिनीवर, आणि भिंतीतल्या त्याच भोकात भावोजींची मान शेकायची पिशवी. भावोजी खुर्चीत डोळे मिटून, मान पिशवीवर टाकून बसलेले. ताईने उंदरांना हात लावला. खिडकीच्या काचेसारखे गार.

"भावोजी! पीन!"

ते धडपडून उठले, पीन बदलली, फुंकर घातली, चोळलं. दोघांपैकी एकही उठला नाही.

"ताई, तुम्ही काही बोलू नका," त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "मीच सांगतो बाईंना. सकाळी पहिलं काम."

ताईने विश्वास ठेवला. ठेवायला नको होता, पण धाकटीचा संसार डोळ्यांपुढे आला.

सकाळी बाईंनी दोघांना बोलावलं. भावोजींनी आधी घसा खाकरला, मग म्हणाले, "कसं सांगू बाई. ताई मला आईसारख्या. पण हल्ली हात थरथरतो त्यांचा. उचलताना दाब बसला असेल. घरीसुद्धा कप फुटतात. माझ्या बायकोला विचारा हवं तर."

उंदराला मांजर साक्ष! कप फुटला होता खरा, एकच, आणि तो धुताना धाकटीच्याच कोपराचा धक्का लागून. पण त्या घटकेला ताईची जीभ टाळ्याला चिकटली. उंदराला बोलावणारी तीच जीभ. ती सुटेपर्यंत बाई बोलून गेल्या होत्या, "ताई, वय कुणाला चुकलंय? तुम्ही आता धुण्याकडे बघा. हलकं काम आहे."

हलकं! धुण्याच्या खोलीत वाफेने भिंतींना घाम. पिंजरे खरवडायचे, उकळत्या पाण्यातून काढायचे, फळीवर पालथे घालायचे, आणि वर सगळ्यांचे ॲप्रन धुवायचे. हातांची साल निघाली. ताई त्या हातांकडे बघायची आणि दात-ओठ खायची. तिच्या हातात सगळ्या जन्मात एकही उंदीर मेला नव्हता, आणि आता सगळी इमारत म्हणत होती, बिचारीचा हात गेला. चहाच्या वेळी झाडूवाली म्हणाली, "मावशी, कप जपून हं." ताईने तो कप असा खाली ठेवला की बशीचे दोन तुकडे झाले. त्याचीही बातमी झाली.

घरी तर आणखी पंचाईत. खाली धाकटीचं बिऱ्हाड, वर ताईची एक खोली, आणि चूल एकच. म्हणजे रोज रात्री वैऱ्याच्या ताटाशेजारी ताट. भावोजी मान दुखते म्हणून खाली बघून जेवायचे. मान दुखत नसती तरी त्यांनी खालीच बघितलं असतं.

धाकटीला ताईने सगळं सांगितलं होतं. धाकटी रडली, आणि मग जे बोलू नये ते बोलली. "ताई, माझ्याकडे बघून सोड गं एवढं."

"तुझ्याकडे बघून बघूनच आजवर सोडत आले," ताई म्हणाली. "आता बघायचंच बंद करते."

बाईंकडे जाऊन खरं सांगायचं ताईच्या मनात आलं नाही असं नाही. पण शब्दाला शब्द. ती म्हणणार पीन, ते म्हणणार हात. आणि बाई म्हणणार, त्याच दिवशी का नाही बोललात? नाही, माणसाची साक्ष नको होती. बाई जिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात ती साक्ष हवी होती. रेघेची.

तेव्हा उंदीरखान्यात एक थोराड उंदीर होता. एक कान कातरलेला, पाठीवर पिशवी, आणि सकाळी पिंजऱ्याच्या या टोकापासून त्या टोकाला असा लगबगीने जायचा की जणू कचेरीला उशीर होतोय. ताईनेच त्याचं नाव साहेब ठेवलं होतं. तिने माणसाळवलेला तो शेवटचा. बाहेरच्या शास्त्रज्ञ पाहुण्यांपुढे बाई सळईचं काम दाखवणार होत्या ते याच्यावरच. आणि साहेबाची सळई बसली होती ती मेंदूत जिथे भीती राहते तिथे. तो निर्धास्त असताना रेघ कशी सपाट राहते ते बाईंना आधी दाखवायचं होतं, मग पुढे मांजराच्या वासाने वगैरे ती कशी चढते ते.

मांजर कशाला? ताईने मनात म्हटलं. मांजर आपल्या घरातच आहे.

धुतलेले पिंजरे मांडायला ताई सकाळी सगळ्यांच्या आधी उंदीरखान्यात जायची. तेवढी मुभा उरली होती. तिने धुण्यातला भावोजींचा एक ॲप्रन बाजूला काढला. कॉलर मलमाने पिवळी पडलेली, नुसती धरली तरी डोळ्यांत पाणी यावं. दुसऱ्या हातात घेतला काचेवरची धूळ उडवायचा रबरी फुगा. दाबला की फुस्स करून हवा मारणारा. उंदराला तोंडावर हवा मारलेली मुळीच खपत नाही. इजा काही होत नाही, पण जीव दचकतो.

साहेबाच्या पिंजऱ्यापुढे ती बसली. जिभेने 'टक टक' केलं. साहेब लगबगीने दाराशी आला. ताईने कॉलर जाळीला लावली आणि फुगा दाबला. फुस्स!

साहेब उलटा कोपऱ्यात.

दुसऱ्या सकाळी पुन्हा. टक टक, कॉलर, फुस्स. मग रोजच. ताई मनाशी म्हणायची, चिमटा काढत नाही, उपाशी ठेवत नाही, नुसती हवा तर आहे. एकदा हवा लागल्यावर साहेब कोपऱ्यातून बघत राहिला. कॉलरीकडे नाही, तिच्या तोंडाकडे. ताईने कॉलर आणखी पुढे केली. "इकडे बघ मेल्या, इकडे. हा वास लक्षात ठेव." आणि उठताना तिच्या ओठांवर असं हसू यायचं जसं लोणी चोरणाऱ्याला यावं. पाहुण्यांच्या देखत भावोजी मलमाचा दरवळ घेऊन पुढे होतील, साहेबाची पाचावर धारण बसेल, रेघ उसळेल. बाई काय ते समजतील. कुणाच्या हाताला उंदीर भितात ते भिंतीवरच्या पडद्यावर हिरव्या शाईत लिहिलं जाईल. काट्याने काटा.

पाहुणे यायच्या आदल्या संध्याकाळी मात्र घोळ झाला. ताई जिना उतरत होती तर खाली नवरा-बायकोची जुंपलेली.

"अगं, निदान आज तरी लाव. उद्या दिवसभर वाकायचंय."

"स्वतः लाव. ताईचं खरं बाईंना सांगितल्याशिवाय मी तुझ्या मानेला बोट लावणार नाही."

"बोट नको, अख्खा हात लाव."

"आणि डबीही देणार नाही. माझ्याकडे आहे ती."

ताई पायरीवरच थबकली. धाकटी आपल्या बाजूने उभी राहिली याचं सुख मानावं की नाही? पण ताईच्या डोक्यात एकच. मलम नाही तर वास नाही, वास नाही तर रेघ नाही! ती दणदण उतरली, धाकटीच्या कमरेच्या पदरातली डबी ओढून काढली आणि तिच्याच हातात कोंबली.

"लाव गं त्यांना. चांगलं चोळून लाव, कानामागेसुद्धा. उद्या मोठा दिवस आहे त्यांचा."

धाकटी बघतच राहिली. भावोजींच्या हातातला पेला तसाच राहिला.

"ताई... तुम्ही..." भावोजी म्हणाले.

"मानेची हयगय करू नये," ताई म्हणाली. "आणि सकाळी निघताना पुन्हा एकदा लावा."

भावोजींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मलमाचं नव्हतं. ताईला ते दिसलं, पण ती डोळ्यांत काय आहे ते बघतच नव्हती. वास कानामागे पोचतो की नाही तेवढं बघत होती.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. पाच-सहा जण, पांढरे ॲप्रन, छातीवर किरणं मोजणारे बिल्ले. ताई धुण्याच्या खोलीच्या दारात, हातात पालथा पिंजरा धरून उभी. तिथून पडदा सरळ दिसायचा. साखर आली, पळापळ झाली, भावोजींनी शेपटीत सुई घातली. रेघ चढली, चढून सपाट झाली. साहेब काचेच्या परातीत इकडून तिकडे हिंडत होता.

"आता आमचे मुकादम त्याला हातात घेतील," बाई म्हणाल्या.

भावोजी पुढे झाले. मलमाचा वास दारापर्यंत आला. 

ही रेघ म्हणजे दिवा नव्हे, की बटण दाबलं आणि पेटला. दूध तापावं तशी ती. बराच वेळ काही नाही, मग एकदम. ताई बघत राहिली. साहेबाने भावोजींचा अंगठा हुंगला. मनगट हुंगलं. मग तळव्यावर बूड टेकून मागच्या दोन पायांवर बसला आणि तोंड धुवायला लागला.

रेघ सपाट.

म्हणतात ना, दुधाकडे बघत राहिलं की उतू जात नाही. ताईने डोळे मिटून उघडले. सपाटच. मग तिच्या ध्यानात आलं. तिने फुगा मारल्यावर रोज दिवसभर तोच मलमाचा वास दाणा घेऊन, पाणी घेऊन त्याच्या दाराशी येत होता. सकाळच्या एका फुस्ससाठी उंदीर दिवसभराचं अन्न विसरेल होय? एवढी साधी गोष्ट तिच्यासारखीला कळू नये! सूड डोक्यात गेला की इतक्या वर्षांची समज अशी पायातल्या वहाणेसारखी दाराबाहेर राहते.

ती वळणार, एवढ्यात भावोजींचा आवाज आला. "बाई, एक सांगू? पाहुण्यांनी पण ऐकावं. या उंदराला माणसाळवलं ते मी नाही. आमच्या ताईंनी. त्यांच्या हाताबद्दल मी मागे जे बोललो ते... ते बरोबर नव्हतं. त्यांचा हात थरथरत नाही. एकदा त्यांच्या हातात द्या त्याला, तुम्हीच बघा."

खोलीत सगळ्यांचे डोळे धुण्याच्या दाराकडे वळले. बाई हसल्या. "या ताई, या. हातमोजे घाला."

काल संध्याकाळच्या डबीने माणूस विरघळला होता. ताईला हसावं की रडावं कळेना. ज्याला खड्ड्यात ढकलायला निघाली होती तोच हात धरून तिला वर ओढत होता, आणि तेही चारचौघांत. तिला तो भित्रा पूर्ण खरं बोललेला नाही हेही कळलं. पिनेचं नाव नव्हतं, गारठलेल्या दोन उंदरांचं नाव नव्हतं. पण टेबल समोर होतं. आपलं टेबल. इतक्या दिवसांनी. तिने पिंजरा खाली ठेवला, मोजे चढवले, परातीशी गेली. तळवा उघडा ठेवला. आणि सवयीने, प्रेमाने, जिभेने टाळूवर केलं.

टक टक.

साहेब होता तिथे थिजला. मग अंगावरचा केस न् केस उभा. दात करकर वाजायला लागले. परातीत लेंड्या पडल्या. परातीच्या पार टोकाला जाऊन त्याने काचेला अंग चिकटवलं, आणि डोळे मिटले. हवा येणार म्हणून डोळे मिटले. ते ताईला कळलं, बाकी कुणाला नाही.

कॉलर नाही, मलम नाही. रोज सकाळी हवेच्या आधी काय यायचं? ही टक टक. त्याने नेमकं तेच लक्षात ठेवलं होतं. तिनेच तर इतक्या मेहनतीने शिकवलं.

मग रेघ चढायला लागली. ताईला तिथेच उभं राहावं लागलं, उघडा तळवा तसाच पुढे, आणि दूध वर येत गेलं, वर येत गेलं, काठाशी आलं, उतू गेलं. पाहुण्यांतली एक बाई हळूच म्हणाली, "बापरे, या बाईंना किती भितोय हा!"

"ताई?" मोठ्या बाईंचा आवाज खाली गेला. "तुमच्या हाताला झालंय तरी काय?"

भावोजीच पुढे सरकले. "माझ्यामुळे असेल बाई. माझ्या मलमाचा वास. काल ताईंनीच डबी दिली ना, हाताला लागला असेल. त्या वासाने बिचकला असेल."

खोटं बोलत होता. तिला वाचवायला. आणि जे खोटं रेघेने बोलावं म्हणून तिने सकाळमागून सकाळ घालवली, नेमकं तेच. हो म्हटलं की झालं. मलमावर सगळं ढकललं जाईल, ताईला टेबल परत, भावोजींची मान खाली, धाकटीचं घर सुखी. फक्त एक 'हो'. पण मग जन्मभर ताटाशेजारी ताट मांडून जेवताना त्या माणसाच्या चेहऱ्यावर एकच लिहिलेलं राहणार: मी तुम्हाला वाचवलं.

ते ताईला गिळवेना. उंदीर गिळला असता एक वेळ.

"मलम नाही," ती म्हणाली. "मी आहे. रेघ खरं बोलते, बाई. रोज सकाळी मी याला बोलावून याच्या तोंडावर फुगा मारत होते. याने मलमाला भ्यावं, भावोजींना भ्यावं, म्हणून. आणि का, तेही ऐका. ते दोन उंदीर हाताने मेले नाहीत, गारठून मेले. या माणसाने त्यांच्या गादीची पीन काढली आणि स्वतःची मान शेकायची पिशवी लावली. विचारा त्यांना. आता विचारा, हवं तर माझ्या बहिणीलासुद्धा विचारा. ती कुणाकडून बोलेल ते बघूच."

भावोजींनी मान खाली घातली. त्या मानेने पहिल्यांदाच काही कबूल केलं.

आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात तो हाच. पण खरं सांगायचं तर ताई टेबलापासून मागे सरली तेव्हा तिला आतून गार वाटलं. सूड उगवला होता. आपल्यावर उगवला होता अर्धा, पण उगवला होता.

बाई निकाल द्यायला कधीच वेळ लावायच्या नाहीत. "जो उंदराला गारठवतो त्याला उंदीर देणार नाही. जो उंदराला भेवडावतो त्यालाही नाही. दोघं धुण्याला." आणि पाहुण्यांकडे वळून त्यांनी काम पुढे चालू केलं. त्या दिवसाची रेघ मात्र त्यांनी जपून ठेवली. इतकी निखळ भीती पुन्हा मिळाली नाही, असं त्या पुढे कुणाकुणाला सांगायच्या म्हणे. हेही एक कौतुकच म्हणायचं.

तर आता धुण्याच्या खोलीत दोघं. एका मोरीच्या एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला भावोजी. ही पिंजरा खरवडते आणि न बोलता पुढे सारते, तो उकळत्या पाण्यातून काढतो. दुपारी धाकटीने दिलेला डबा, दोघांत एकच. मुद्दाम. पहिल्या दिवशी ताई म्हणाली होती, "अगं, दोन डबे दे." धाकटी म्हणाली, "दोघं बोलाल तेव्हा दोन देईन." मग काय, झाकणात हिचं, डब्यात त्याचं, आणि मध्ये वाफ.

"मीठ," भावोजी म्हणतात.

"समोर आहे," ताई म्हणते. यालाही बोलणं म्हणायचं की नाही यावर धाकटीचा निकाल अजून लागलेला नाही.

साहेबाची सळई बाईंनी काढून घेतली. भित्रा उंदीर कामाचा नाही. त्याला मारायचं ठरलं होतं, पण ताईने बाईंच्या दारात उभं राहून तो मागून घेतला. बाई म्हणाल्या, "न्या. पण त्याला विचारा, येतो का ते." आता त्याचा पिंजरा धुण्याच्या खोलीत, खिडकीखाली असतो. काम संपलं की ताई त्याच्यापुढे तळवा उघडा ठेवून बसते. जिभेने आता काही करत नाही. साहेब पार पलीकडच्या कोपऱ्यातून, एक कान कातरलेला, तिच्या तोंडाकडे बघत राहतो. एक मिशी पुढे येते कधी, आणि परत जाते.

भावोजी मोरीवरून बघतात. एकदा राहवलं नाही त्यांना. "ताई, तो नाही यायचा आता. मनात धरलंय त्याने."

ताईने हात मागे घेतला नाही.

"धरू दे," ती साहेबालाच म्हणाली. "धर डूख, राजा. चांगला धर. मीही धरलाय. बघू कोण आधी सोडतं."